काचेच्या पेटीतले कतारी

मन्सूर साखरकर हा माणूस मासे खाण्यासाठीच जन्माला आला आहे, असं त्याच्या सासरचे लोक म्हणत. आणि सासरचे लोक जावयाबद्दल सहसा इतकं चांगलं बोलत नाहीत. जयगडच्या खाडीच्या आतल्या अंगाला त्याचं गाव. भरतीच्या पाण्यात कमरेएवढं उभं राहून बोयरं धरण्यात त्याचं लहानपण गेलं. पुढे कतारला रास लफानच्या गॅस प्लांटवर नोकरी लागली, अल खोरला कंपनीचं क्वार्टर मिळालं, आणि तिथल्या मासळीबाजारात हामूरचे कल्ले उलटून बघण्यात बाकीचं आयुष्य गेलं. असा माणूस एका शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून घरी आला तो हातात प्लास्टिकची बरणी घेऊन. बरणीत करंगळीएवढे सात-आठ मासे.

त्याच्या बायकोने, रुकैयाने, बरणी उजेडाला धरली. एक मासा अंगावर चांदीचे ठिपके असलेला, पिवळ्या शेपटीचा. बाकीचे मळकट, अंगावर उभे पट्टे, धुऊन धुऊन विटलेल्या लेंग्याच्या कापडासारखे.

"अवो, ह्यांचं कालवण करायचं तर मना भिंग घेऊन बसाया लागेल."

"खायाला नाय आणले."

"मग?"

"बघायला."

नवऱ्याने माशाकडे नुसतं बघितल्याचं रुकैयाला उभ्या संसारात आठवत नव्हतं. तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मासे आणले होते मजऱ्यावरून. मजरा म्हणजे इकडची शेतवाडी. अल खोरच्या बाहेर, वाळवंटाच्या तोंडाशी, थोडी खजुराची झाडं, थोडा चारा, काही बकऱ्या आणि एक बोअरवेल. बोअरचं जास्तीचं पाणी एका नाल्यात जाई. ना धड गोडं, ना धड खारं. कोकणात ज्याला मचूळ म्हणतात तसलं. त्या पाण्यात हे मासे कोण जाणे कधीपासून राहत होते. मन्सूर तिथे ताजी मेथी आणायला गेला होता. नाल्यात काहीतरी चमकलं, म्हणून वाकला, आणि मेथी तिथेच विसरून आला.

मग घरात काचेची पेटी आली. कॉलनीतली सगळी माणसं मुदतीवर राहणारी: केरळची, मनिलाची, कराचीची, सांगलीची. प्रत्येकाच्या पाकिटात रहिवासाचं कार्ड आणि प्रत्येकाच्या डोक्यात ते संपायची तारीख. साखरकरांच्या हॉलमध्ये मात्र या मातीतले मूळचे रहिवासी राहायला आले होते. मन्सूर आल्यागेल्याला पेटी दाखवी आणि म्हणे, "ह्या घरातले कायमचे तेवढे हे. आम्ही दोघं कॉन्ट्रॅक्टवर."

कायमच्या लोकांचा थाटही तसाच. त्या पिवळ्या शेपटीच्या नराने पहिल्याच आठवड्यात अख्ख्या पेटीवर ताबा सांगितला. कुणी जवळ आलं की हा अंगावर धावून जाई. अजून रंग न चढलेल्या दुसऱ्या नराला त्याने कोपऱ्यात असा दाबून ठेवला की बिचारा हवा सोडणाऱ्या नळीमागून बाहेर येईना. मन्सूरने त्याचं नाव मुदीर ठेवलं. मुदीर म्हणजे इकडे साहेब, मॅनेजर. "आमचा प्लांटवरचापण असाच," तो म्हणे. "काम काय करतो ते कोणाला ठावं नाय, पन फिरतो भारी." मग दुबळ्याला लपायला जागा हवी म्हणून त्याने फुटकं मडकं आडवं ठेवलं, दगडांच्या कपारी केल्या. अंडी घालायला आडोसा हवा म्हणून रुकैयाच्या टोपलीतली हिरवी लोकर कापून तिची झिपरी बांधून पाण्यात सोडली. ती लोकर नातीच्या, अलिनाच्या, स्वेटरची होती. स्वेटर एका बाहीचाच राहिला आणि रुकैया आठवडाभर नवऱ्याशी बोलली नाही. त्याला ते कळायला तीन दिवस लागले, कारण तो पेटीसमोर बसला होता.

खाणं म्हणजे नाल्यातले किडे आणि डासांची पिल्लं. कोकणात जन्म गेला "पाणी साठू देऊ नको, डास होतील" असं ऐकण्यात. आणि हा माणूस दर शुक्रवारी डास बाटलीत भरून घरी आणी. पेटीतलं थोडं पाणी काढायचं, नाल्यातलं तेवढंच घालायचं, असा त्याचा नेम. नळाचं पाणी त्याला चालत नसे. "ते समुद्र गाळून केलेलं पाणी. त्यात काय जीव नाय. आपण पितो कारण आपल्याला पर्याय नाय."

आणखी एक नेम होता, तो मात्र तो नमाजाइतका सांभाळी. प्लांटवरच्या एका सोबत्याने आपले जादा झालेले गोल्डफिश देऊ केले, तेव्हा कुणी डुकराचं मांस पुढे करावं तसा मन्सूर मागे सरकला. पुढे रुकैयाने विचारलं, "इतकं काय झालं? रंगीत होते बिचारे."

"दुकानातला मासा चार देशांचं पाणी पिऊन आलेला असतो गो," तो म्हणाला. "त्याच्या अंगात काय काय असतं ते त्यालाच माहीत. त्याला सवय झालेली असते. आपले हे नाल्यातले, त्यांना असलं काय ठावं नाय. एकदा ह्यांच्यात तो मिसळला की हे नाल्यात परत जायाच्या लायक नाय राहत. एक मासा नेऊन सोडशील आणि सगळ्या नाल्याचा जीव घेशील."

"परत नेणार हाव तुम्ही ह्यांना?"

"नायतर काय जयगडला नेऊ? ह्यांचं गाव हे." मन्सूरने काचेवर बोट टेकवलं आणि मुदीर बोटावर धावून आला. "पुढच्या वर्षी रिटायर झालो की सामान कार्गोला, हे नाल्यात, आणि आपण विमानात."

ते पुढचं वर्ष आलं. मन्सूर त्यात फार दिवस राहिला नाही. जानेवारीत एका दुपारी प्लांटवरून परतणारी कंपनीची बस कॉलनीच्या दारात थांबली, सगळे उतरले, मन्सूर खिडकीला डोकं टेकून बसून राहिला. बसमध्ये झोपण्याबद्दल तो प्रसिद्धच होता. ड्रायव्हरने नेहमीसारख्या दोन हाका मारल्या. मग जवळ जाऊन खांद्याला हात लावला.

"जिथे मरेन तिथे पुरा, विमानाचा खर्च नको," असं तो गमतीत म्हणायचा. काशिफने, त्याच्या मुलाने, ते शब्दशः पाळलं. दुसऱ्या दिवशी असरच्या नमाजानंतर अल खोरच्या कबरस्तानात दफन झालं. बायकांनी जायचा रिवाज नाही. रुकैयाने दारापर्यंत पाहिलं, आणि पुढे पाहण्यासारखं दिसेनासं झालं तेव्हा दार लावून घेतलं.

मग इद्दत. नवरा गेलेल्या बाईने चार महिन्यांच्या वर घरात राहायचं. समारंभ नाही, रंगीत कपडा नाही, अत्तर नाही, बांगडी नाही. तेवढी मुदत कंपनीनेही दिली: इद्दत होईपर्यंत क्वार्टर तुमचं, नंतर चावी द्या. काशिफ दोह्याला, वेस्ट बेला एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, राहायला अल दुहैलला. तो म्हणाला, "अम्मा, माझ्याकडे चल." रुकैया म्हणाली, "मी गावाला जाईन. घर तुझ्या अब्बांनी बांधलंय, ते काय वटवाघळांना?" काशिफने तिकीट बघायला घेतलं. सामानाचं तो पाहणार होता, विमानाचंही तोच. मन्सूरने सांगितलेल्या तिन्हींपैकी एकच गोष्ट मागे राहत होती, आणि ती करणारं दुसरं कुणी नव्हतं. मासे नाल्यात पोचवायचे. ते झाल्याशिवाय विमानात पाय ठेवायचा नाही, असं रुकैयाने ठरवलं; काशिफला सांगितलं नाही, पण ठरवलं.

ठरवलं तरी पहिले काही आठवडे तिने पेटीकडे बघितलं नाही. बघायला इतर होते. दुःखाला आलेली माणसं थोडं रडून झाल्यावर करणार काय? पेटीसमोर बसत. मासे बघून माणसाला काहीतरी टाकावंसं वाटतंच. कुणी बिस्किटाचा चुरा टाकला, कुणी चपातीचा तुकडा. चिपळूणकडच्या एका मामूंनी तर शेव टाकली, आणि "खात नाय, बहुतेक तेपण सुतकात हायत," असं वर म्हणाले. पाणी गढूळ झालं. एका सकाळी रुकैयाला वास आला. पाहते तर मुदीर पाण्याच्या अगदी वर येऊन तोंड उघडतोय-मिटतोय. जन्मभर दुसऱ्यांवर धावलेला तो साहेब, आता श्वासासाठी अर्ज करत होता.

रुकैयाने पदर खोचला. पण नाला होता कॉलनीच्या बाहेर आणि ती होती इद्दतमध्ये.

शेजारच्या क्वार्टरमध्ये लतावहिनी. नवरा श्यामराव प्लांटवर सेफ्टी विभागात, दोघं सांगलीकडचे, घरात अंडंसुद्धा येत नाही. मन्सूर सुरमई तळायचा तेव्हा लतावहिनी खिडक्या लावून उदबत्ती पेटवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी न चुकता पुरणपोळी पाठवायच्या. रुकैयाने त्यांना बोलावून घेतलं.

"वहिनी, मजऱ्यावरनं एक कॅन पाणी आणून द्याल काय?"

"पाणी व्हय? देते की. त्यात काय एवढं."

"त्यात किडं असतील. तेपण हवंत."

लतावहिनी जरा मागे सरकल्या. "जित्ते?"

"मेलेलं कोण खातंय?"

"अवो भाभी, आमच्यात मेलेलंबी कोण खात न्हाई."

तरी गेल्या. श्यामरावांनी गाडी काढली, स्वतः एसीत बसून राहिले, आणि लतावहिनींनी साडी गुडघ्यापर्यंत वर धरून कॅन नाल्यात बुडवला. परत आल्या तेव्हा कॅन अंगापासून हातभर लांब धरलेला, जणू आत नाग आहे. "भाभी, एक बेडूक बघत हुता माझ्याकडं. श्यामराव म्हनले, फोटो काढू का? म्हनलं, माझा काढायचा का त्याचा?" आणि त्या मोठ्याने हसल्या. मग रुकैयाच्या पांढऱ्या कपड्यांकडे लक्ष जाऊन हसणं अर्ध्यावर गिळलं.

"हसा वो," रुकैया म्हणाली. "ह्या घरात हसायला मनाई नाय. त्यांना आवडायचं."

तेव्हापासून दर आठवड्याला लतावहिनी कॅन आणू लागल्या. आठवड्याचे किडे मात्र तीन दिवसांत संपत. तेव्हा रुकैयाने गावाहून आलेला सुका जवळा काढला. तीन पाण्यांत धुऊन त्याचा खारटपणा घालवला, पुन्हा सुकवला, पाट्यावर नसला तरी मिक्सरवर वाटला आणि चिमूटभर पेटीत टाकला. माशांनी तो असा खाल्ला की तिला रडूच आलं. माहेरच्या जवळ्याची अशी कदर मन्सूरनेसुद्धा केली नव्हती, तो म्हणायचा, "जवळा म्हंजे माशाची भुकटी, मासा नव्हे."

पेटी निवळली. मुदीर पुन्हा फिरू लागला, पुन्हा दुबळ्यांच्या मागे लागू लागला. रुकैया सकाळी कुराण वाचून झाल्यावर तिथे बसे. आधी नुसती बसे, मग बोलू लागली. "खाल्लंस ना? मग त्याला कशाला ढोसतोस?" अशी बोलणी. नवऱ्याशी ती याहून वेगळं काय बोलत होती? आणि उत्तरही साधारण तेवढंच मिळायचं.

काशिफ जमेल त्या शुक्रवारी येई. येताना हॉटेलातली बिर्याणी आणी आणि जाताना घड्याळ बघे. वाईट नव्हता; बापासारखाच गप्प माणूस, पण बापाचं गप्प बसणं पेटीसमोरचं आणि ह्याचं फोनसमोरचं. रुकैया एकदाच म्हणाली, "अब्बांकडे गेलेलास काय? वाटेवरच हाय."

"जाईन, अम्मा. सध्या बँकेत क्वार्टर-एंड आहे, तिमाहीचे हिशेब."

तिला जाता येत नव्हतं आणि ज्याला येत होतं त्याला वेळ नव्हता.

एका शुक्रवारी हॉलमध्ये आला तेव्हा त्याने आईला पेटीशी बोलताना पाहिलं. पांढरा दुपट्टा, मोकळे हात, समोर मळकट पट्ट्यांचे मळकट मासे. दोह्याला जाऊनही ते चित्र त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. आईसाठी काहीतरी न्यावं असं त्याला वाटू लागलं. पण इद्दतमधल्या बाईला न्यायचं काय? बांगड्या नाही, अत्तर नाही, रंगीत कापड नाही. हा प्रश्न घेऊन तो अलिनाला बरोबर घेऊन बाजारात फिरला आणि एका दुकानाच्या काचेसमोर थांबला. आई अंगावर रंग घालू शकत नाही. पण पेटीत रंग घालायला कोण अडवणार?

पुढच्या शुक्रवारी रुकैया आतल्या खोलीत असरची नमाज पढत होती. शेवटचा सलाम फेरून नमाज संपली तोच बाहेरून अलिनाची किंकाळी आली.

"दादी! कम फास्ट! सरप्राइज!"

रुकैया बाहेर आली. पेटीत लाल, निळे, केशरी असे शेपट्यांचे पंखे फिरवणारे मासे. मुदीर एका निळ्याच्या मागे धावत होता आणि तो निळा लग्नातल्या घागऱ्यासारखा गोल फिरत होता. अलिना काचेला नाक लावून उभी. काशिफच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू होतं. रिकामी पिशवी त्याच्या हातात ठिबकत होती.

"कसे आहेत, अम्मा? जरा रंग आला ना घरात?"

रुकैयाने पिशवीकडे पाहिलं. "त्यातलं पाणी कुठे गेलं?"

"पेटीतच. दुकानवाल्याने सांगितलं, पिशवी आधी तरंगत ठेवा, मग हळूच उघडा. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं."

"अब्बा दुकानातले मासे घालत नव्हते."

"का?"

तिने का ते सांगितलं. थोडक्यात, आवाज न चढवता. काशिफचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्याच्यातला काशिफ निघून गेला.

"मला कधी बोलले नाहीत," तो म्हणाला.

"तू कधी विचारलं होतंस?"

"अम्मा, दोन इंचाचे मासे आहेत. काढतो मी आत्ता. हे बघ, जाळी कुठे आहे?"

"काढून काय करशील? पाणी काढशील?"

अलिना एकदा बापाकडे, एकदा आजीकडे बघू लागली. "दादी, डू यू नॉट लाइक देम?"

रुकैयाने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "बेस हायत गो. निळा तर लयच बेस." मग काशिफला म्हणाली, "जेवून जा. मूग केलेत."

तो जेवला. त्या दिवशी त्याने घड्याळ पाहिलं नाही, पण मान वर करून दुसरीकडेही कुठे पाहिलं नाही.

आठवड्याच्या आत मुदीरच्या अंगावर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके आले. चांदीच्या ठिपक्यांत ते आधी कळलेच नाहीत. मग तो दगडाला अंग घासू लागला, मग खाईना, मग फिरेना. रुकैयाने मुदीर आणि त्याच्या सगळ्या गोतावळ्याला धुण्याच्या टबात वेगळं काढलं. पाण्यात खडेमीठ घातलं, लहानपणी अंगावर काही उठलं की खाडीत बुडवून काढत त्या हिशेबाने. लतावहिनी रोज नवं पाणी आणू लागल्या. आता कॅन छातीशी धरून आणत. मुदीर पहिला गेला. त्याच्यामागे पट्टेवाल्या माद्या, एकेक करून. रुकैया प्रत्येकाला टिपकागदात गुंडाळून बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरत होती. नवऱ्याच्या वेळी तिच्या हाताला माती लागली नव्हती.

दुकानातले रंगीत मात्र ठणठणीत. हे दुखणं त्यांच्या जन्मापासून ओळखीचं. ते लतावहिनी घेऊन गेल्या. शाकाहारी घरात मासे राहायला गेले आणि श्यामराव रात्रीच्या जेवणानंतर त्यांना बातम्या सांगू लागले, असं ऐकू आलं.

काशिफ फोन करी. "अम्मा, कसे आहेत?"

"चार गेले."

"मी नाल्यातून दुसरे आणून देऊ का?"

"नाल्यात मासे कमी नायत रे," रुकैया म्हणाली. "नाल्यातून आणायचे नव्हते. नाल्यात न्यायचे होते."



शेवटी चार वाचले: मडक्यात लपून लपून वाढलेला तो दबका नर आणि तीन माद्या. ठिपके गेले, भूक आली. मुदीर गेल्यावर तो दबका नर मडक्यातून बाहेर आला. बाहेर येऊन त्याने काय करावं? माद्यांच्या मागे धावू लागला. "घ्या," रुकैया म्हणाली, "खुर्ची मिळाली." आणि या विनोदावर हसायला शेजारी कुणी नाही हे तिला त्या क्षणी जितकं कळलं, तितकं इद्दतभर कळलं नव्हतं.

मे महिन्यात इद्दत संपली. सामान खोक्यांत गेलं. तिकीट आलं. काशिफ सकाळी गाडी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा रुकैया बाहेर आली ती झाकणाची बादली हातात घेऊन. बादलीत ते चौघं. कित्येक महिन्यांनी तिच्या अंगावर ऊन पडलं आणि ते इतकं कडक होतं की ती दारातच थबकली.

"कुठे जायचं, अम्मा?"

"मजऱ्यावर."

नाला पूर्वीसारखाच होता. काठाला शेवाळ, पलीकडे बकऱ्या, वर खजुराला हिरवे घोस लटकलेले. रुकैयाने तो पहिल्यांदाच पाहिला. इतकी वर्षं ज्याचं पाणी तिच्या हॉलमध्ये येत होतं तो हा, आणि रुंदी पाहिली तर लहान पोर उडी मारून ओलांडेल. ती काठाशी बसली. पाण्यात पिवळ्या शेपट्या लुकलुकत होत्या, कितीतरी. त्यातही कुणी कुणाच्या मागे धावत होतंच.

काशिफ तिच्या मागे उभा राहिला. बँकेच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून जरा लांब.

"सोड ना, अम्मा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आता बरे झालेत. ठिपके नाहीत. कोण बघतंय?"

"बघायचा प्रश्न नाय."

"अब्बांची इच्छा होती. तू म्हणालीस ना, हे केल्याशिवाय तुला जाता येणार नाही?"

"मी कधी म्हटलं?"

"लतामावशी म्हणाल्या."

रुकैयाने बादलीचं झाकण उघडलं. चौघं वर आले. त्यांना वाटलं जवळा आला. तिने बादली थोडी कलती केली. कडेशी पाणी आलं, एक मादी त्या कडेपर्यंत पोहत आली. नाल्याचं पाणी आणि बादलीचं पाणी यात एका हाताचं अंतर. तिने बराच वेळ बादली तशी धरली. मग सरळ केली.

"दुखणं अंगात राहतं," ती म्हणाली. "वरून दिसत नाय. ह्या चौघांना घरी पोचवायचं म्हणून ह्या सगळ्यांना मारू? त्यांनी तसं केलं नसतं."

"मग आता?"

"आता हे काय नाल्याचे राहिले नायत. गावाचेपण नायत. मी उद्या-परवा जातंय. हे तुझ्याकडे."

"माझ्याकडे?" काशिफ खरंच घाबरला. बँकेत कोट्यवधींची जबाबदारी घेणारा माणूस चार माशांपुढे एक पाऊल मागे गेला आणि बूट चिखलात रुतला. "अम्मा, मला यातलं काही येत नाही."

"मना तरी कुठे येत होतं? मी तर मासा म्हंजे कल्ला लाल की काळा एवढंच बघायची." ती उठली. "जवळा बरणीत दिलाय. तीन पाण्यांत धू. मीठ राहिलं तर बघ. आणि नळाचं पाणी नाय घालायचं, त्यांना चालत नाय. इथलंच लागतं."

"अल दुहैलवरून इथे? दर वेळी?"

"हाव."

काशिफने बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले, पँट दुमडली आणि गाडीतून रिकामा कॅन घेऊन आला. नाल्यात उतरला. कॅन उलटा बुडवल्यामुळे त्यात पाणीच शिरेना, नुसते बुडबुडे.

"आडवा धर," रुकैया काठावरून म्हणाली. "आडवा रे. तळ ढवळू नको, गाळ येईल. बाजूने."

कॅन भरला. काशिफने तो दोन्ही हातांनी उचलून डिकीत ठेवला आणि ओल्या पायांनीच गाडीत बसला. रुकैयाने बादली मांडीवर घेतली. गाडी रस्त्याला लागली. एसीचा आवाज, आणि बादलीत मध्येच एखादी शेपटी कडेला आपटल्याचा.

कबरस्तानाची लांबलचक भिंत डाव्या हाताला आली. रुकैया बादलीच्या झाकणाकडे बघत राहिली. गाडी हळू झाली, मग आणखी हळू, आणि फाटकापाशी थांबली.

"तू इथे बस," काशिफ म्हणाला. "एसी चालू ठेवतो."

"जा. मी हाय."

तो गेला. दुमडलेली पँट, पायात बूट पण मोजे नाहीत. अशा अवतारात तो बँकेत गेला असता तर शिपायाने आत सोडला नसता. रुकैयाने भिंतीकडे तोंड करून फातिहा पढली. मग नुसती बसली. ऊन काचेवर चढत गेलं. माशांना गरम होईल म्हणून तिने दुपट्टा बादलीवर टाकला आणि आपलं डोकं मागे टेकवलं.

काशिफ आला तेव्हा त्याच्या गुडघ्यांना पांढरी धूळ होती. त्याने दार लावलं, हात स्टिअरिंगवर ठेवले, पण गाडी सुरू केली नाही. डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत.

"अम्मा," तो म्हणाला, "एक कॅन किती दिवस पुरतो?"

"एका शुक्रवारपासून दुसऱ्या शुक्रवारपर्यंत," रुकैया म्हणाली, आणि त्याला दिसावं म्हणून बादलीवरचा दुपट्टा आणि झाकण थोडं बाजूला केलं.